आधी अंतर मोजा, मग नंबर काढा

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, विषय दिलाय ‘चाळिशी आणि कॉन्टॅक्ट लेन्स’. लेन्सकडे येतोच, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

मिरजेचे एक तंतुवाद्य कारागीर माझ्याकडे आले, वय पन्नाशीचं. म्हणाले, “जवारी काढताना दिसत नाही हो.” तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेला गुंजणारा नाद यावा म्हणून घोडी घासून बसवणं, हे इथं कुणाला सांगायला नको, पण त्यात नजरेचं काम किती असतं ते बघा. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं इतका हलका घासायचा की तार एका कडेवर अडकून बसू नये, उतरत्या माथ्यावरून अलगद सुटत जावी. मग खाली सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. कान तर लागतोच, पण तार नेमकी कुठं टेकलीय ते डोळ्यानंच बघावं लागतं. यांनी चष्मा घेतलेला होता. दुकानात वय विचारलं, कार्डावरची बारीक ओळ वाचून घेतली आणि नंबर दिला. पेपर झकास दिसायचा, घोडीवर वाकलं की सगळं पुसट.

मी त्यांना खुर्चीवरून उठवलं, खाली मांडी घालून बसवलं, हातात कानस असल्यासारखं वाकायला लावलं आणि टेप धरली. डोळ्यापासून कामापर्यंत 25 सेंटिमीटर! पेपर आपण साधारण 40 वर धरतो. 40 सेंटिमीटरला डोळ्याला 2.5 डायॉप्टरची ताकद लागते (चष्म्याचा नंबर याच मापात असतो), 25 ला 4. फरक लहान नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, त्यामुळं ही ताकद आतून पुरत नाही आणि कुठल्याही व्यायामानं परत येत नाही. ती बाहेरून द्यायची, तर कामाचं अंतर विचारायला नको? शिंप्याचं वेगळं, सराफाचं वेगळं, कॉम्प्युटरवाल्याचं 60-70 सेंटिमीटर. वयावरून नंबर लिहून देणाऱ्यांवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच.

हा पोटाचा प्रश्न आहे. आसामच्या चहामळ्यांतल्या चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे दिले, तर चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानांची खुडणी वीसेक टक्क्यांनी जास्त भरली. ती चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर लेन्स.

दोन वाटा आहेत. पहिली मोनोव्हिजन: प्रबळ डोळ्याला, म्हणजे ज्यावर आपली जास्त भिस्त असते त्याला, लांबचा नंबर, दुसऱ्याला जवळचा. मेंदू हवं ते चित्र निवडायला शिकतो, पण खोलीचा, म्हणजे वस्तू किती जवळ-लांब आहे त्याचा, अंदाज थोडा कमी होतो. दुसरी मल्टिफोकल: एकाच लेन्समध्ये लांबची आणि जवळची ताकद, दोन्ही प्रतिमा एकाच वेळी डोळ्यात. उजेडात छान चालते. अंधुक उजेडात अक्षर फिकं वाटतं आणि रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. दोन्हींची सवय व्हायला एखाद-दोन आठवडे द्यावे लागतात, म्हणून आधी ट्रायल लेन्स घालून आपलं रोजचं काम करून बघा, मगच पैसे मोजा.

1843 साली ‘सीतास्वयंवर’ इथंच सांगलीत रंगलं, म्हणून नाटकाचंच उदाहरण देतो. राजाला चष्मा चालत नाही, पण दरबारात खलिता वाचावा लागतो. हातभर अंतरावरच्या त्या वाचनाला मल्टिफोकल उत्तम. मोनोव्हिजनवर मात्र नटाला रंगमंचाच्या पायऱ्या उतरायला लावू नका. आमच्या कारागिरांना मी लेन्स दिली नाही. 25 सेंटिमीटरच्या कामाला मल्टिफोकलची ताकद तोकडी पडते. त्यांना कामापुरता वेगळा चष्मा दिला आणि त्यांची जवारी पुन्हा सुरू झाली.

वय वाढलं की डोळे कोरडे पडतात, तेव्हा लेन्सआधी अश्रूंची तपासणी करून घ्या. चाळिशीनंतर काचबिंदूचीही करायचीच, मधुमेह असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्याचीही. लेन्सला नळाचं, विहिरीचं, नदीचं, कुठलंच पाणी लागू देऊ नका. त्यातला अकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव बुबुळात शिरला तर नजर जाऊ शकते. लेन्स घालून झोपू नका. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.