तिसऱ्या खेपेची पहिली तबकडी

मंडळी, तबकडी लावण्याआधी तिच्या कव्हरच्या पाठीवरची सूचना सांगतो. आवाज होईल तेवढा मोठा करून ऐका, असं तिथे चक्क छापलंय. यावर आमच्या शेजाऱ्यांचं मत काय, ते विचारू नका.

पॉल बटरफील्ड ब्लूज बँडची ही पहिली तबकडी. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. इलेक्ट्रा कंपनीनं ऑक्टोबर १९६५मध्ये काढली. पहिली म्हणायची, पण खरं तर ही तिसरी खेप. डिसेंबर १९६४मध्ये एकदा ध्वनिमुद्रण झालं, ते निर्माता पॉल रॉथचाइल्डला पसंत पडलं नाही. मग न्यूयॉर्कच्या 'कॅफे ओ गो गो'मध्ये प्रेक्षकांसमोर करून पाहिलं, तेही बाजूला पडलं. सप्टेंबर १९६५मध्ये पुन्हा स्टुडिओ. पहिल्या खेपेतलं काही १९९५मध्ये बाहेर आलं, ते मी ऐकलंय. चुकीचं काहीच नाही हो त्यात. पण घाई आहे, आणि मार्क नॅफ्टॅलिनचा ऑर्गन अजून यायचा होता.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात या बँडची ओळख करून देताना लोकगीतांचा अभ्यासक अ‍ॅलन लोमॅक्स इतकं खोचक बोलला, की बॉब डिलनचा मॅनेजर अल्बर्ट ग्रॉसमन आणि तो हातघाईवर आले. गोऱ्या पोरांना ब्लूज जमतो का, हा रोख. मला वाटतं, लोमॅक्सनं मागे बसलेल्यांकडे नीट पाहिलंच नाही. ड्रमवर सॅम ले, बेसवर जेरोम अरनॉल्ड. दोघेही काळे, दोघेही हाउलिन वुल्फ या नावाजलेल्या ब्लूज गायकाच्या ताफ्यातून आलेले. मात्रेचे तीन भाग करून मधला गाळायचा, की झाला शफल नावाचा ठेका. ले तो दोन्ही हातांनी वाजवतो. चर्चमधल्या टाळ्या आणि खंजिरीवरून हे सुचलं, असं तो सांगायचा. माइक ब्लूमफील्डच्या गिटारचं कौतुक सगळेच करतात, करावंच. पण ती गिटार उभी आहे ती या पायावर.

आता बटरफील्डचा माऊथ ऑर्गन. तो हा उलटा धरायचा, खालचे सूर उजवीकडे. पण खरी गंमत पट्टीची आहे. गाणं पांढरी तीनमध्ये असेल, तर ब्लूजवाला हातात घेतो पांढरी सहाचा माऊथ ऑर्गन. म्हणजे वाद्याचा पंचम तो गाण्याचा षड्ज. यातून दोन गोष्टी साधतात. एक, निषाद आपोआप कोमल होतो. खमाज ऐकणाऱ्या कानाला हा ओळखीचा वाटेल. दुसरी, महत्त्वाचे सूर फुंकून नव्हे, श्वास आत ओढून निघतात, आणि ओढलेला सूर जिभेच्या, घशाच्या बळावर खाली वाकवता येतो. शुद्ध गंधार कोमलाकडे घसरतो आणि मध्येच कुठेतरी रेंगाळतो. आपल्या पेटीतही पितळी पत्तीच थरथरते, पण तिच्यातून ही मींड काढून दाखवा बघू! शिवाय बटरफील्ड माइक माऊथ ऑर्गनसकट मुठीत धरतो आणि आवाज गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढतो, म्हणून तो असा सॅक्सोफोनसारखा भरीव आणि थोडा फाटका येतो.

पहिलं गाणं 'बॉर्न इन शिकागो', निक ग्रेव्हनाइट्सचं. पुढे एका गाण्यात ले स्वतः गातो, तिथे परत थांबू. मागच्या रांगेतल्यांनो, दार लावून घ्या जरा.