सांगू तेव्हा आणा

नमस्कार श्रोतेहो. आज तुम्हाला एक काम सांगणार आहे. हे भाषण संपलं की घरातल्या पुस्तकांच्या कपाटापाशी जा. कपाट नसेल तर माळ्यावरची ट्रंक खाली काढा. हल्लीच्या फ्लॅटला माळाच नसतो, हा भाग वेगळा. टीव्हीसाठी अख्खी भिंत सजवून देतात, पण चार पुस्तकं ठेवायला फळी कुठे आहे असं विचारलं की इंटिरिअरवाला आपल्याकडे बघतच राहतो. असो. तर पुस्तकं काढा आणि एकेकाचं पहिलं पान उघडा. जांभळ्या शाईचा गोल शिक्का दिसतोय? अमुक वाचनालय, तमुक पेठ, पुणे? दिसला, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे.

पहिलं पान फाटलेलं असेल तरी सुटका नाही बरं का. बरीच ग्रंथालयं आतल्या एका ठरावीक पानावरही शिक्का मारून ठेवतात, आणि ते पान कुठलं हे तिथल्या माणसांनाच ठाऊक असतं. पहिलं पान फाडून पुस्तक आपलं करणाऱ्यांसाठी केलेला हा बंदोबस्त आहे.

पण त्या फाडणाऱ्यांचं सोडा. मी तुमच्याआमच्याबद्दल बोलतोय. पुस्तक आणलं, वाचून झालं, न्यायचं राहिलं. मग परीक्षा आली, बदली झाली, पेठेतलं बिऱ्हाड कोथरूडला गेलं. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. आणि एकदा वर्ष उलटलं की पुस्तक न्यायला वेळ नाही, हे खरं कारण उरतच नाही. लाज वाटते. काउंटरवरचा माणूस काय म्हणेल? दंड किती सांगेल? त्या लाजेपायी आपण तो रस्ताच टाळतो. पुस्तक घरी राहतं आणि वाचनालय कायमचं सुटतं.

म्हणून मुद्दा आत्ताच सांगून टाकतो, नंतर पुन्हा सांगीन. पुस्तक घेऊन जा, कारणं घेऊन जाऊ नका. तुमची कारणं ऐकायला तिथे कुणी बसलेलं नसतं. पुस्तक मात्र हवं असतं.

का हवं असतं? तुम्ही म्हणाल, आमची अनामत आहे की त्यांच्याकडे. आहे ना! पण पाच रुपये अनामत ठेवून नेलेलं पुस्तक आज पाचशे मोजूनही मिळेलच असं नाही, कारण ते पुन्हा छापलंच गेलेलं नसतं. वाचनालयात पुस्तकांची मोजणी होते. फळीवर पुस्तक नाही, वाचक सापडत नाही, की ते गहाळ म्हणून लिहिलं जातं, आणि पुढे रीतसर दप्तरातून कमी केलं जातं. त्याच्या जागी नवी प्रत घ्यायची, तर तेवढे पैसे दुसऱ्या एखाद्या नव्या पुस्तकाचे कमी होतात. त्यातून पुस्तक दोन-तीन भागांचं असलं आणि मधलाच भाग गेला, तर उरलेले भाग कुणी नेत नाही. म्हणजे एक पुस्तक अडकवलं की संचच्या संच बसून राहतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे उपयोगी पडणार आहे.

आपलं गाव या बाबतीत जुनं आहे. लोकहितवादींच्या पुढाकारानं 1848 साली इथे नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. म्हणजे पुस्तक नेऊन परत न करण्याची संधीही पुणेकरांना तेव्हापासून आहे. पण जगात आपल्याहून मोठे पुणेकर होऊन गेले. केंब्रिजमधल्या सिडनी ससेक्स कॉलेजातून रॉबर्ट वॉलपोल नावाच्या कर्नलनं सतराव्या शतकात एक पुस्तक नेलं. हा कर्नल म्हणजे ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जातात त्या वॉलपोल यांचा बाप. ते पुस्तक एका इतिहासकाराला जुन्या वाड्यातल्या संग्रहात सापडलं आणि 288 वर्षांनी कॉलेजात परत गेलं. कॉलेजनं दंड घेतला नाही.

दंडावरून आठवलं. अमेरिकेत शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं ऑक्टोबर 2019 पासून उशिराचा दंडच बंद केला. पहिल्या काही आठवड्यांत परत येणाऱ्या जुन्या पुस्तकांचं प्रमाण 240 टक्क्यांनी वाढलं. लोकांच्या घरात पुस्तकं होतीच, नुसती वाट बघत पडलेली. माझं मत विचाराल तर दंड जरूर असावा, पण तो टिळक रस्त्यावर उलट्या दिशेनं स्कूटर दामटणाऱ्यांना असावा आणि जागच्या जागी असावा. पुस्तक उशिरा का होईना परत आणणाऱ्याला चहा पाजावा.

आता मी ज्यासाठी आलोय ती गोष्ट. माझ्या मामांची. वाचनालयाचं नाव विचारू नका, कादंबरीचंही विचारू नका.

मामा पोस्टात कारकून. बिऱ्हाड सदाशिव पेठेत, भिकारदास मारुतीच्या जवळ. वाचनालय मात्र खाली, नदीच्या बाजूच्या पेठेत, तळमजल्यावर. मामांनी तिथून दोन भागांची एक कादंबरी लावली होती. पहिला भाग वाचून झाला आणि मंगळवारी, 11 जुलै 1961 रोजी संध्याकाळी, भर पावसात छत्री घेऊन मामा गेले. पहिला भाग जमा केला, दुसरा घेतला. एक दिवससुद्धा उशीर नाही. पोस्टातला माणूस!

12 जुलैला काय झालं ते पुण्यात कुणाला सांगायला नको. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं. लकडी पूल पाण्याखाली, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली. मामांच्या बिऱ्हाडापर्यंत पाणी आलं नाही. वाचनालय मात्र अख्खं बुडालं.

म्हणजे बघा हं. वेळेवर परत केलेला पहिला भाग आदल्या संध्याकाळी फळीवर जाऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी चिखलात गेला. घरी आणलेला दुसरा भाग कोनाड्यात कोरडा ठणठणीत. तुकोबांची गाथा इंद्रायणीनं तारली म्हणतात. मुठेनं त्या दिवशी तसलं काही मनावर घेतलं नाही.

चार-सहा दिवसांनी मामा दुसरा भाग घेऊन वाचनालयात गेले. पुस्तकं पाण्यानं इतकी फुगली होती की फळ्यांमध्ये घट्ट रुतून बसली होती. हातानं निघेनात, दोन गडी पहारीनं उचकटून काढत होते. निघालेलं पुस्तक विटेसारखं जड, आणि पानं एकमेकांना चिकटून त्याचा एकच गोळा झालेला. नोंदवहीतली शाई धुऊन गेली होती. कुणाकडे कुठलं पुस्तक, हे सांगणारा एक कागद उरला नव्हता. ग्रंथपाल धोतर खोचून घोटाभर गाळात उभे.

मामा म्हणाले, "हे पुस्तक."

"कसलं पुस्तक?"

"तुमचंच. मंगळवारी नेलेलं."

ग्रंथपालांनी मामांकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं, फळ्यांकडे बघितलं. "कुठे ठेवू? डोक्यावर? राहू द्या तुमच्याकडेच. सांगू तेव्हा आणा."

झालं. मामा घरी आले आणि वाट बघू लागले. सांगू तेव्हा आणा म्हणालेत ना? मग सांगतील. पण सांगणार कसं? वाचकांचे पत्तेही त्याच वहीत होते. ग्रंथपाल पुढे निवृत्त झाले. त्यांनी सांगितलं नाही, मामांनी नेलं नाही.

इकडे मामीनं ते पुस्तक वाचायला घेतलं. पहिला भाग तिनं वाचलेलाच नव्हता. दुसऱ्या भागाच्या पहिल्या पानावर नायिका रेल्वे स्टेशनात ट्रंकेवर बसलेली आहे. घर सुटलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भाचरं जमलो की दुपारी मामी ही गोष्ट सांगायची. "तर तिला घराबाहेर काढलेलं असतं." आम्ही विचारायचो, "का काढलं?" मामी म्हणायची, "ते पहिल्या भागात आहे." मामांना विचारावं, तर ते म्हणत सासूनं काढलं. पुढच्या सुट्टीत विचारलं तर म्हणत दिरानं. मामी म्हणायची, "यांना काही आठवत नाही, यांनी शेवटापर्यंत नुसता पोस्टाचा हिशोब केलाय."

ते वाक्य आमच्या घरात कायमचं राहिलं. धाकट्या आत्याचं आणि थोरल्या काकांचं बोलणं का नाही? ते पहिल्या भागात आहे. या खोलीला कुलूप का? ते पहिल्या भागात आहे. मुंजीत आहेराची पाकिटं कोणी मोजायची यावरून एकदा रुसवा झाला होता, त्याचंही उत्तर तेच.

पानशेतला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर एकदा मी अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी उकिडवा बसलो होतो. हाताला लागला तो त्या कादंबरीचा पहिला भाग. मळकी कापडी बांधणी, पाठीवर पांढऱ्या शाईचा क्रमांक. उघडला, तर आत शिक्का! सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाचा. म्हणजे तिथल्याही कुणाचं तरी न्यायचं राहिलं होतं. मी न बोलता पैसे दिले आणि थेट मामीकडे गेलो.

मामीनं चष्मा लावला आणि स्वयंपाक सुनेवर सोडला. वाचून संपल्यावर मला फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "अरे, तिला कुणी काढलं नव्हतं. ती आपणहून निघून गेली होती. तीनशे पानं सगळ्यांना पुरून उरली आणि मग ट्रंक उचलून गेली. मी उगाच इतकी वर्षं तिची कीव करत बसले."

आणि मग हुकूम सुटला. दोन्ही पुस्तकं ज्याची त्याला जाऊ देत.

मामा आणि मी वाचनालयात गेलो. आता तिथे कॉम्प्युटर, काउंटरवर एक तरुण मुलगी. तिनं क्रमांक घातला. त्या क्रमांकावर लोणची आणि मुरंब्यांचं पुस्तक निघालं. पुरानंतर नव्यानं नोंदी करताना एकपासून सुरुवात केली होती, त्यामुळे मामांच्या पुस्तकाचा नंबर केव्हाच दुसऱ्याला गेलेला.

ती म्हणाली, "आजोबा, भेट म्हणून लिहून घेऊ का?"

"भेट कसली? तुमचंच आहे. जमा करून घ्या."

"पण आमच्याकडे नोंदच नाही."

"तो तुमचा प्रश्न."

"मग इतकी वर्षं का नाही आणलंत?"

"सांगू तेव्हा आणा म्हणाले होते. सांगितलं नाही."

मागे रांग लागली. पेपर वाचत बसलेले एक गृहस्थ उठून आले आणि मामांची बाजू घेऊन भांडू लागले. त्यांचा काही संबंध नव्हता, पण मुद्दा तत्त्वाचा होता. शेवटी तोडगा मामांनीच काढला. भेटीच्या वहीत पुस्तक लिहायचं, आणि देणगीदाराच्या रकान्यात त्याच वाचनालयाचं नाव घालायचं. शेजारी मामांनी सही केली, 'आणून देणारा' असं लिहून.

पहिला भाग रजिस्टर पोस्टानं साताऱ्याकडे रवाना. पंधरवड्यात पोस्टकार्ड आलं. पुस्तक मिळाले, आभारी आहोत, आणि खाली एक ओळ: दुसरा भागही आपणाकडे असल्यास कृपया पाठवावा.

मामीनं ते कार्ड देव्हाऱ्याच्या मागे खोचून ठेवलं होतं.

वेळ संपत आली, म्हणून भराभर सांगतो. शिक्क्याचं पुस्तक सापडलं तर रद्दीत घालू नका. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका, ती पुढे पिवळी पडते आणि कागद खाते. सुटी पानं पाकिटात घालून द्या. कसर लागली असेल तर नीट झटकून, आधी तसं सांगून द्या, नाहीतर शेजारच्या पुस्तकांना लागायची. जाण्याआधी वाचनालयाला फोन करा. वाचनालय बंद पडलं असेल तर जवळच्या दुसऱ्या वाचनालयात विचारा. आणि पुन्हा सांगतो, पुस्तक घेऊन जा, कारणं घेऊन जाऊ नका.

अनामतीची जुनी पावती सापडली तर तीही बरोबर असू द्या. पैसे मागायला हरकत नाही. मामांनी त्या दिवशी आपले पाच रुपये मागितले होते. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत विषय ठेवू म्हणाले. नमस्कार.