कुंपणात ठेवलेला सेझान

श्रोतेहो, नमस्कार.

आज सात सफरचंदांबद्दल बोलायचंय. खायची नाहीत, रंगवलेली. पॉल सेझान या फ्रेंच चित्रकारानं 1878 च्या सुमारास रंगवलेली सात सफरचंदं. चित्र केवढं म्हणाल, तर उंचीला वीतभरसुद्धा नाही आणि रुंदीला वीतभर, वर दोन बोटं. मालकी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची, आणि चित्र ठेवलंय तिथल्याच फिट्झविल्यम म्युझियममध्ये.

ते तिथं कसं पोचलं, हे आधी सांगतो. चित्रकलेचं मग बघू.

साल 1918, महिना मार्च. पहिलं महायुद्ध पेटलेलं. आदल्या सप्टेंबरात एदगार देगा हा फ्रेंच चित्रकार वारला होता आणि त्यानं हौसेनं जमवलेल्या चित्रांचा पॅरिसमध्ये लिलाव निघाला होता. इकडे इंग्लंडमध्ये डंकन ग्रँट या चित्रकाराला त्याचा सुगावा लागला. त्यानं लगेच मित्राला गाठलं. मित्र कोण? जॉन मेनार्ड केन्स! हो, अर्थशास्त्रवाले केन्स. आपल्या रुपयावर 1913 साली अख्खं पुस्तक लिहिलं, पण हिंदुस्थानात पाऊल म्हणून टाकलं नाही. तज्ज्ञांचं असंच असतं, असो.

केन्स तेव्हा ब्रिटिश अर्थखात्यात होते. त्यांनी अर्थमंत्र्यांच्या गळी उतरवलं, की फ्रान्सला आपण कर्ज देतोच आहोत. त्याच हिशेबात निदान चार चांगली चित्रं तरी घरात येतील. आणि मंजूर झाले किती? साडेपाच लाख फ्रँक! ऐन लढाईत, सरकारी तिजोरीतून, चित्रांसाठी साडेपाच लाख फ्रँक! नाहीतर आपल्याकडे म्युझियममधला दिवा गेला तरी फाइल चार टेबलं फिरून येते.

केन्सबरोबर गेले नॅशनल गॅलरीचे संचालक चार्ल्स होम्स. कुणी ओळखलं तर भाव चढतील, म्हणून या गृहस्थांनी मिशी सफाचट केली आणि डोळ्यांवर चष्मा चढवला. पण खरी मदत झाली ती जर्मनांची. त्यांच्या लांब पल्ल्याच्या तोफेचे गोळे त्याच आठवड्यात पॅरिसवर पडायला लागले, गिऱ्हाईक बिचकलं, भाव कोसळले. होम्सनी फ्रेंच चित्रकारांपैकी माने घेतला, दलाक्रवा घेतला, अँग्र घेतला. सेझान? नको म्हणाले! पैसे उरले होते बरं का. पैसे उरले, तरी सेझान नको.

मग केन्सनी स्वतःच्या खिशात हात घातला आणि ही सफरचंदं साधारण 327 पौंडांना घेतली.

परतल्यावर ऑस्टिन चेंबरलेन या ब्रिटिश राजकारण्यांच्या मोटारीनं त्यांना ससेक्समध्ये, चार्ल्स्टन नावाच्या घराच्या वाटेवर उतरवलं. त्या घरात ग्रँट आणि व्हनेसा बेल हे दोघे चित्रकार राहत होते. पुढची वाट पायी, आणि सामान हे एवढं. केन्सनी काय करावं? सेझान दिला फाटकाजवळच्या कुंपणात ठेवून! घरात येऊन सहज म्हणाले, खाली फाटकापाशी एक सेझान आहे, बघा हवं तर. ग्रँट धावतच सुटला. धावणारच हो! सेझान, आणि कुंपणात!

आता चित्राकडे येऊ. वेळ थोडाच उरलाय. चित्रात ना टेबल, ना ताटली, ना खिडकी. नुसती सफरचंदं. रंगाचे जाड फटकारे शेजारी शेजारी ठेवून त्यांना गोलाई आणलीय. लाल कुठं संपला आणि पिवळा कुठं लागला, तो सांधा झाकलेला नाही. जेवणघरात आपण दवबिंदूंसकट चकचकीत फळांची छापील चित्रं लावतो ना, तसलं इथं काही नाही. मला तर ती चित्रं बघून भूक मरते. सेझानचं सफरचंद तोंडाला पाणी सुटावं म्हणून नाहीच. ते हातात घेतलं तर वजन लागेल असं आहे. पुन्हा सांगतो, चव नाही, वजन.

केन्स 1946 मध्ये गेले आणि त्यांच्या संग्रहाबरोबर हे चित्रही किंग्ज कॉलेजला मिळालं. फिट्झविल्यमला तिकीट नाही. कुणाची मुलं-नातवंडं तिकडं शिकत असतील तर त्यांना पाठवा, आणि सफरचंदं मोजायला सांगा. कारण चित्र आलं त्याच 1918 च्या एप्रिलमध्ये लेखिका व्हर्जिनिया वुल्फनं, म्हणजे या व्हनेसाच्या सख्ख्या बहिणीनं, हे चित्र पाहिलं आणि रोजनिशीत आकडा लिहिला सहा!