थंड प्लेट बुडते, मग वर ज्वालामुखी कसा?

नमस्कार. आजचा विषय, ज्वालामुखी कसे तयार होतात. सबडक्शन, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा एक प्रचंड तुकडा (प्लेट) दुसऱ्याखाली बुडणं, आणि हॉटस्पॉट, म्हणजे खोलातून तप्त खडक वर सरकतो ती जागा; दोन्हींवर बोलायचं ठरलंय. पण आधी एका चित्राचा समाचार घेऊ द्या. तुम्ही सगळ्यांनी ते शाळेत पाहिलंय: पृथ्वीचा काप, वर पातळसं कवच, खाली लालभडक रस आणि त्यातून एक नळी थेट डोंगराच्या तोंडाशी. या चित्राचा मला मनापासून राग येतो. मुलं मोठी होतात, डॉक्टर-इंजिनिअर होतात, तरी आपण लाव्ह्याच्या समुद्रावर तरंगतोय हीच समजूत डोक्यात घट्ट बसलेली असते.

कवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे आणि ते घन आहे. तापलेलं आहे, लाखो वर्षांच्या हिशेबात अतिशय संथपणे वाहतंही, पण आहे खडकच. कशावरून? भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून त्या बिनदिक्कत जातात आणि अडतात ते बाह्य गाभ्यापाशी. तो गाभा खराच द्रव, पण मुख्यतः लोखंडाचा. ज्वालामुखीतून उसळतो तो रस हा नव्हे.

हा दगड हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. ॲरिझोनातल्या सॅन कार्लोसचा आहे. बाहेरून काळा बेसॉल्ट, आत हिरवट गोळा. जरा उजेडात धरून बघा. फिकट हिरवे दाणे दिसताहेत ते ऑलिव्हीन या खनिजाचे. मधेच एखादा गडद हिरवा दिसेल, तो पायरॉक्सीन, दुसरं खनिज. हा प्रावरणाचाच तुकडा. वर येणाऱ्या शिलारसानं वाटेत तोडून आणलेला, न वितळलेला. तुमच्या हातात आहे तो खालच्या ‘समुद्रा’विरुद्धचा पुरावा!

मग घन खडक वितळतो कशानं? उष्णता वाढल्यानं, असं आपण पटकन म्हणतो. सबडक्शनमध्ये घडतं ते वेगळंच. समुद्रतळाची जुनी, थंड प्लेट दुसरीखाली बुडते. थंड वस्तू आत गेली तर भोवतालचं तापमान उतरायला हवं. आणि नेमकी तिच्याच वर ज्वालामुखींची रांग! घर्षणानं प्लेट वितळते, असं अजूनही कुठेकुठे छापलं जातं. पण बहुतेक ठिकाणी वितळतं ते प्लेटच्या वरचं प्रावरण, आणि त्याचं कारण पाणी. समुद्राखाली असताना प्लेटमधल्या खनिजांनी पाणी आपल्या घडणीतच बांधून घेतलेलं असतं. खोल जाताना दाब आणि उष्णता वाढली की ते सुटतं आणि वरच्या तप्त खडकात शिरतं. बर्फावर मीठ टाकलं की तो न तापवता वितळू लागतो ना, तसंच. पाण्यामुळे खडकाचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी खाली येतो. सगळा खडक वितळत नाही, थोडाच अंश वितळतो, तेवढा पुरतो. म्हणूनच या ज्वालामुखींच्या खाली बुडती प्लेट साधारण १०० किलोमीटर खोल सापडते.

हेच पाणी शिलारसाबरोबर वर येतं. दाब उतरला की त्याची वाफ होते आणि चिकट शिलारसाच्या ठिकऱ्या उडतात. १५ जून १९९१ला फिलिपीन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या राखेचा खांब सुमारे ३५ किलोमीटर उंच गेला, तो या वाफेच्या जोरावर. पाणी आग विझवतं हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे पाणीच ज्वालामुखी पेटवतं. मला बोलायचं होतं ते मुख्यतः हेच.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. हॉटस्पॉट भराभर घेतो. इथे पाण्याचा वाटा गौण. खोलातून तप्त पण घनच खडक वर सरकतो. १०० किलोमीटरवर दाब वातावरणाच्या सुमारे ३०,००० पट असतो. खडक वर येईल तसा तो कमी होतो, आणि उष्णता न वाढताही वितळायला सुरुवात होते. हा शिलारस पातळ, त्यात पाणी कमी; म्हणून हवाईत बहुधा स्फोटापेक्षा प्रवाह दिसतात.

१९६३मध्ये कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी मांडलं की हॉटस्पॉट जागच्या जागी असतो आणि वरून प्लेट सरकते. हवाईचं काउआई बेट सुमारे ५० लाख वर्षांचं, तिथल्याच बिग आयलंड या बेटावरचे खडक १० लाखांहूनही कमी, आणि त्याच्या आग्नेयेला पुढचा ज्वालामुखी अजून पाण्याखालीच आहे. या ज्वालामुखींच्या रांगेत जिथले खडक सुमारे ४.७ कोटी वर्षांचे आहेत, तिथे मात्र ती एकदम वळते. प्लेटनं दिशा बदलली, एवढंच कारण बरीच वर्षं सांगितलं जाई. पुढे वळणापलीकडच्या बुडालेल्या पर्वतांच्या खडकांत गोठलेलं चुंबकत्व मोजलं (खडक कोणत्या अक्षांशावर घडला ते त्यावरून कळतं), तेव्हा दिसलं की त्याआधीच्या काळात हॉटस्पॉट स्वतःच दक्षिणेकडे सरकत होता. वळणात कोणाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. माझं मत विचारायचं असेल तर प्रश्नोत्तरांत विचारा.