जुन्या वाड्याच्या दारात

जुनं नाशिक. सराफ बाजाराच्या मागे, गोदेकडे उतरणाऱ्या या गल्ल्यांत अजून काही लाकडी वाडे उभे आहेत. इथं उभं राहून एक वाक्य म्हणून बघा. 'जुन्या वाड्याच्या दारात मांजर बसलंय.' जुनं काय? वाडा, की दार?

'जुन्या वाड्याचं दार' म्हटलं तर शंकाच नाही. जुना आहे तो वाडा. पण 'दार'चं 'दारात' झालं की त्याचं विशेषणही 'जुन्या' होतं, आणि एकाच वाक्यात दोन अर्थ येऊन बसतात. शाळेत तक्ता म्हणून घोकलेल्या सामान्यरूपात इतकी गंमत दडलेली असते.

ही गाठ डोळ्यांना दिसावी म्हणून पार्स ट्री काढतात. कुठला शब्द कुणाशी जोडलाय ते दाखवणारा उलटा वृक्ष: मूळ वर, शब्द खाली. त्यामागचं कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर, म्हणजे कुठला शब्दसमूह कशाकशाचा बनतो हे सांगणारे नियम, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी 1956 मध्ये मांडलं. इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना ते 'टीओसी'त, म्हणजे 'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन'च्या विषयात भेटतं, आणि ट्री वहीत पेन्सिलीनं काढला जातो.

संगणकावर काढायचा तर साधनं दोन जातींची. आरसिंटॅक्सट्री किंवा लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचं फॉरेस्ट पॅकेज यांना आपण कंस घालून रचना सांगायची. ती सुबक चित्र काढून देतात. चित्र सुबक येण्यामागेही विचार आहे. पालक (वरचा बिंदू) मुलांच्या (त्यातून फुटणाऱ्या खालच्या बिंदूंच्या) बरोबर मधोमध यावा, सारख्या फांद्या सारख्याच दिसाव्यात, यासाठी रायनगोल्ड आणि टिलफर्ड यांनी 1981 मध्ये पद्धत दिली. पण आपण दिलेली रचना चुकीची असली, तर ही साधनं तीही तितक्याच सुबकपणे काढतात.

मला प्रिय आहे ती दुसरी जात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, मानवी भाषेवर काम करणारं एनएलटीके घ्या. त्याला रचना सांगायची नाही, फक्त नियम द्यायचे. मी तीन दिले: नामसमूह म्हणजे एक नाम, किंवा विशेषण आणि नामसमूह, किंवा मध्ये 'चा-ची-चे' घेऊन जोडलेले दोन नामसमूह. त्यातल्या चार्ट पार्सरनं, म्हणजे नियमांत बसणारे सगळे ट्री शोधणाऱ्या भागानं, वाड्याचे दोन्ही ट्री समोर ठेवले. 'जुन्या वाड्याच्या दाराच्या कडीला' लिहिलं, पाच आले. 'कडीच्या खिळ्याला' जोडलं, चौदा! हे चौदा हातानं कोण काढणार?

मग सहज 'जुन्या वाड्याचं दार' दिलं. तिथंही दोन ट्री आले, आणि दुसरा साफ खोटा होता. मराठीत 'जुन्या दार' कुणी म्हणत नाही. नियमांत विशेषण आणि नामाची जुळणी लिहायची राहिली होती. बोलताना ती आपसूक होते, म्हणून लिहिताना सुचलीच नाही. त्या खोट्या फांदीनं ती दाखवली.

पडद्यावर बघा. आता सरळरूपाचा ('दार') नामसमूह वेगळा, सामान्यरूपाचा ('दारात') वेगळा. 'जुन्या वाड्याचं दार' दिलं, एकच ट्री. 'जुन्या वाड्याच्या दारात' दिलं, पुन्हा दोन. मांजर अजून तिथंच आहे, आणि इथं तर वाडाही जुना, दारही जुनं.