पेशंटच्याच पेशींचं मूत्राशय

फ्लास्कमध्ये हे गुलाबी पाणी दिसतंय ना, ते पेशींचं खाणं आहे. साखर, क्षार, अमिनो ॲसिड सगळं त्यातच. इन्क्युबेटर ३७ डिग्रीवर, म्हणजे अंगाएवढी ऊब, आणि दर दोन-तीन दिवसांनी हे पाणी बदलावं लागतं, नाहीतर पेशी मरतात. तळाला चिकटलेल्या या लांबुळक्या रेषा म्हणजे स्नायूच्या पेशी.

बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलात डॉ. अँथनी अटाला यांनी अशाच पेशींपासून मूत्राशय बनवलं. स्पायना बिफिडाची ७ मुलं होती, वय ४ ते १९. या आजारात मणका जन्मापासूनच नीट मिटलेला नसतो, मूत्राशयाच्या नसा काम करत नाहीत, ते कडक होतं आणि आतलं प्रेशर उलटं किडन्यांवर येतं. नेहमीचा इलाज म्हणजे आतड्याचा तुकडा जोडायचा, पण आतड्याचं कामच शोषून घ्यायचं, ते लघवीतलं पण शोषतं, वर चिकट स्राव सोडतं, खडे होतात. एवढ्याशा पोरांनी हे जन्मभर का सोसायचं?

म्हणून मूत्राशयाचाच छोटा तुकडा काढला, आतलं अस्तर आणि बाहेरचा स्नायू सुटे केले, दोन्हीच्या पेशी वेगवेगळ्या वाढवल्या. आता हा साचा जवळून बघा. कोलॅजेन आणि पॉलिग्लायकॉलिक ॲसिड, विरघळणाऱ्या टाक्यांचा दोरा असतो ना, तेच मटेरियल. बाहेरून स्नायूच्या पेशी लावायच्या, आतून अस्तराच्या. बायोप्सीनंतर, म्हणजे तो तुकडा काढल्यावर, साधारण ७ आठवड्यांनी ऑपरेशन. ज्यांच्यात हा साचा पोटातल्या चरबीच्या पडद्यात गुंडाळून बसवला त्यांचा रिझल्ट जास्त चांगला आला, कारण पेशींना रक्त तिथूनच मिळतं. २००६ ला हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

पुढे १० मुलांवर ट्रायल झाली, त्यात मूत्राशयाची क्षमता वाढली नाही आणि काहींना गंभीर त्रास झाला.

पण मुळात आजारी मूत्राशयातल्या पेशी घेऊन नवं निरोगी मूत्राशय कसं व्हायचं, म्हणूनच स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. शिकागोत अरुण शर्मांच्या टीमने स्पायना बिफिडाच्या पेशंटच्याच बोन मॅरोमधल्या स्टेम सेल घेऊन उंदरांचं मूत्राशय परत वाढवून दाखवलं, नंतर बबून माकडांवरही काम केलं. आणि अमेरिकेतच विन्स्टन-सेलमच्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात युआनयुआन झांग यांना तर लघवीतच स्टेम सेल मिळाल्या, २००८ मध्ये. म्हणजे सुई नाही, भूल नाही, लघवीचं सॅम्पल घ्यायचं आणि त्यातूनच स्नायू पण, अस्तर पण. मुलांच्या ट्रायल परत सुरू करायच्या तर याच पेशी घेऊन करा.