स्क्रीन लावणारा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

बास्केटबॉलचा सामना पाहताना आपली नजर चेंडूमागे धावते. चेंडू बहुतेक वेळ चपळ, तुलनेने बुटक्या गार्डच्या हातात असतो आणि म्हणून खेळ तोच चालवतो असे आपण धरून चालतो. आज मला बोलायचे आहे ते त्याच्या शेजारी येऊन निमूटपणे उभ्या राहणाऱ्या उंच माणसाबद्दल. ‘पिक अँड रोल’ या डावात त्याचे काम पूर्वी अंगमेहनतीचे मानले जाई. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये आज त्याच्याकडून डोक्याची अपेक्षा केली जाते आणि माझ्या मते गेल्या दोन दशकांत या खेळात झालेला सर्वांत मोलाचा बदल हाच आहे.

हा डाव आधी डोळ्यांसमोर आणू. गार्ड तीन गुणांच्या रेषेबाहेर चेंडू टपटपवत उभा आहे आणि त्याचा बचावपटू हातभर अंतरावरून त्याची वाट अडवतो आहे. इतक्यात रिंगजवळचा सेंटर, म्हणजे आपला उंच माणूस, झपझप वर येतो, त्या बचावपटूच्या बगलेला थांबतो, दोन्ही पाय खांद्यांहून थोडे रुंद रोवतो आणि हात छातीशी आवळून घेतो. याला स्क्रीन किंवा पिक लावणे म्हणतात. धडकेच्या क्षणी त्याने हलायचे नाही. पाय सरकला किंवा कंबर बाहेर काढली, तर पंच फाऊल देतात. गार्डने त्याला इतके खेटून जायचे की दोघांमधून बचावपटूला अंग चोरूनही शिरता येऊ नये. बचावपटू त्या देहावर अडकतो आणि त्याच क्षणी सेंटर एका पायावर गर्रकन वळून, अडकलेल्या माणसाला पाठीशी ठेवत, रिंगकडे धावत सुटतो. हा झाला रोल. मला सांगायला मिनिट लागले, मैदानावर हे सारे दोनेक सेकंदांत उरकते.

या दोन सेकंदांत खरी पंचाईत होते ती सेंटरला राखणाऱ्या बचावपटूची. गार्डला रोखावे, तर त्याचा स्वतःचा माणूस रिंगकडे मोकळा सुटतो. त्याच्यामागे पळावे, तर गार्डला पुढे कोणी उरत नाही.

ही पंचाईत जगाला शिकवली ती युटा जॅझ संघाच्या जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोन या जोडीने. स्टॉकटनच्या नावावर 15,806 असिस्ट, म्हणजे साथीदाराला गुण मिळवून देणारे पास, आहेत, मलोनच्या नावावर 36,928 गुण. 1997 आणि 1998 अशा लागोपाठ दोन अंतिम फेऱ्यांत त्यांना शिकागोने हरवले, तरी या डावाचे व्याकरण त्यांचेच. मात्र त्या व्याकरणात कर्ता बहुतांशी स्टॉकटन होता. कोणाला, कधी आणि कुठून चेंडू द्यायचा हे तो ठरवी, आणि मलोन तो झेलून रिंगमध्ये घाली.

त्या काळात सेंटरची खरी प्रतिष्ठा दुसरीकडेच होती. रिंगकडे पाठ करून चेंडू मागायचा, अंगाने रेटत जायचे आणि वळून टाकायचा, ही शकील ओनीलसारख्यांची पद्धत. 2001-02च्या हंगामात बचावाचे नियम सैल झाले, विभागून, म्हणजे माणसाऐवजी जागा राखून, बचाव करण्याची मुभा मिळाली आणि पाठमोऱ्या सेंटरभोवती मदतीची माणसे आधीच येऊन उभी राहू लागली. पुढे 2004-05च्या हंगामापासून चेंडू खेळवणाऱ्या गार्डला हाताने अडवण्यावर पंचांनी कडक नजर ठेवली. त्याच हंगामात फीनिक्सच्या स्टीव्ह नॅश आणि अमारे स्टाउडमायर यांनी पिक अँड रोलचा असा सपाटा लावला की संघाने 62 सामने जिंकले आणि स्टाउडमायरची सरासरी 26 गुणांवर गेली. एका दाराला कडी लागली आणि दुसरे उघडले, ते असे.

तरीही काही वर्षे असे वाटत होते की उंच माणसाचे दिवस भरले. ऑल-स्टार सामन्यासाठी चाहते भरतात त्या मतपत्रिकेवरून 2012मध्ये ‘सेंटर’ हा वेगळा रकानाच काढून टाकण्यात आला. 2015च्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेटने चौथ्या सामन्यापासून आपला सेंटर बाकावर बसवला, बुटका संघ उतरवला आणि विजेतेपद घेतले. अनेकांनी त्यातून उंच खेळाडूंची गरज संपली असा अर्थ काढला. मला तो तेव्हाही घाईचा वाटला होता, कारण त्याच गोल्डन स्टेटच्या डावात मधोमध उभा असलेला ड्रेमंड ग्रीन सेंटरचेच काम करत होता, फक्त वेगळ्या रीतीने.

त्या रीतीपाशी थोडे थांबू, कारण सगळा मुद्दा तिथे आहे. गोल्डन स्टेटचा गार्ड स्टीफन करी तीन गुणांच्या रेषेच्याही पलीकडून नेम साधतो, त्यामुळे स्क्रीन लागताच दोन्ही बचावपटू त्याच्या अंगावर धावून जात. करी त्या दोघांमधून चेंडू ग्रीनकडे सारी. ग्रीन रिंगपर्यंत न धावता अर्ध्या वाटेत, फ्री थ्रो रेषेच्या आसपास, चेंडू झेली. याला शॉर्ट रोल म्हणतात. आता हिशोब पाहा. दोन बचावपटू मागे राहिले, म्हणजे पुढे उरले तीन, आणि त्यांच्यासमोर ग्रीन धरून चार. रिंगखालचा बचावपटू एक पाऊल पुढे आला, तर मागच्या साथीदाराला उंच पास जातो. कोपऱ्यातला बचावपटू आत सरकला, तर कोपऱ्यातून तीन गुणांचा फटका मिळतो. कोणीच हलले नाही, तर ग्रीन स्वतः रिंगकडे जातो. हे सगळे वाचून निवड करायला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात खेळाचे सुकाणू गार्डच्या हातात नसून स्क्रीन लावून आलेल्या माणसाच्या हातात असते.

हे समजले की या भूमिकेचा भाव का वाढला ते उमगते. बचावाची बहुतेक धडपड उत्तम गार्डच्या हातून चेंडू काढून घेण्यासाठी असते. तो जिथे जाऊन पडतो तिथे नुसता धिप्पाड देह उभा असेल, तर बचाव जिंकला. तिथे विचार करणारा माणूस असेल, तर बचावाने आपणहून फास ओढून घेतला. धावत जाऊन वरून चेंडू घालणाऱ्यालाही किंमत आहेच. 2011मध्ये डॅलसच्या विजेत्या संघातला टायसन चँडलर चेंडू न मिळताही नुसत्या धावण्याने दोन माणसे रिंगकडे खेचून नेई आणि नेमबाजांना जागा करून देई. पण अर्ध्या वाटेत थांबून बरोबर माणूस हेरणारा सेंटर दुर्मीळ, म्हणून महाग.

मुंबईकर श्रोत्यांपैकी काही जण 2019च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये गेले असतील. भारतातले एनबीएचे ते पहिले सामने, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. तेव्हा इंडियानाकडे असलेला लिथुआनियाचा डोमांटास सबोनिस हा याच जातकुळीचा. गंमत अशी की 2022मध्ये तो नेमका सॅक्रामेंटोकडे गेला आणि पुढच्याच हंगामात, 16 वर्षांच्या खंडानंतर, त्या संघाने प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, गाठली. त्या संघाचा बराचसा खेळ त्याच्या स्क्रीनमधून आणि हातोहात दिलेल्या चेंडूतून उभा राहत असे.

या साऱ्याचे आजचे सर्वांत पूर्ण रूप म्हणजे सर्बियातल्या सोम्बोर गावचा निकोला योकिच. संघांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या 2014च्या निवडीत त्याचे नाव 41व्या क्रमांकावर आले, आणि तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. तो फार उंच उडी मारत नाही, वेगाने धावत नाही. 2021मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा 2000 सालच्या ओनीलनंतर हा मान मिळवणारा तो पहिला सेंटर होता. डेन्व्हर संघात त्याची जोडी जमाल मरीशी. मरी स्क्रीनवरून निघतो, योकिच फ्री थ्रो रेषेपाशी चेंडू झेलतो, आणि रिंगखालचा बचावपटू अर्धे पाऊल पुढे टाकतो न टाकतो तोच बेसलाइनवर दबा धरून बसलेल्या ॲरन गॉर्डनसाठी चेंडू रिंगच्या काठावर तरंगत गेलेला असतो. कधी हे दोघे भूमिका बदलतात: चेंडू योकिचकडे, आणि स्क्रीन लावतो मरी. आपल्या सेंटरने गार्डसारखा बचाव कसा करावा, हा नवाच पेच मग समोरच्या संघापुढे पडतो.

2023च्या अंतिम फेरीत मायामी हीटने याला उत्तर शोधले. दुसऱ्या सामन्यात योकिचने 41 गुण केले, पण असिस्ट फक्त 4, आणि मायामीने तो सामना 111-108 असा जिंकला. योकिचला गुण करू द्यायचे आणि त्याचे पास तोडायचे, हीच मायामीची युक्ती असे लगेच बोलले गेले. मायामीचे प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा यांनी ही कल्पना साफ झटकून टाकली, आणि एका सामन्यावरून एवढे मोठे अनुमान काढू नये हे मलाही मान्य आहे. तीन दिवसांनी, 7 जूनला, तिसरा सामना मायामीत झाला. त्यात योकिचचे गुण घटून 32 झाले, पण त्याने 21 रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यांचे चेंडू, घेतले आणि असिस्ट 4 वरून 10 वर गेले. मरीचे 34 गुण, 10 रिबाउंड आणि 10 असिस्ट. एकाच संघातल्या दोघांनी एकाच सामन्यात तिशीपार गुणांसह ट्रिपल डबल, म्हणजे तीन बाबींत दोन आकडी नोंद, केल्याची एनबीएमधली ती पहिलीच वेळ होती. डेन्व्हरने तो सामना 109-94 असा जिंकला, आणि पाच दिवसांनी आपल्या इतिहासातले पहिले विजेतेपदही.